काचेला तंबाखू

तंबाखू सोडा म्हणून मी गावोगाव सभा घ्यायचो, तेव्हाचं सांगतो. शहापूरहून टोकावड्याला निघताना मी आमच्या ड्रायव्हरची, गणूची, पुडी हिसकावून फेकून दिली. मुरबाड सोडलं आणि पाऊस कोसळायला लागला. जुन्या जीपच्या वायपरचं रबर पार झिजलेलं. समोरचं काही दिसेना.

"काचेला तंबाखू चोळली का पाणी ठरत नाय," गणू म्हणाला. "पण तुमी ती फेकली."

टोकावड्याला पायी निघालेल्या एका म्हाताऱ्या काकांना आम्ही गाडीत घेतलं. मी हात पुढे केला. "काका, तंबाखू आहे?"

"आहे की! चुना पण देऊ?"

"चुना नको. काचेला चोळायचीय."

काका तोंड उघडून हसले, तेव्हा मला त्यांच्या गालातला पांढरा चट्टा दिसला. तंबाखूने पडणारा, पुढे कॅन्सर होऊ शकतो असा.

भर पावसात मी काच चोळली. खरंच रस्ता दिसायला लागला. सभेला वेळेवर पोचलो. मी तावातावाने विचारलं, "आज कोण सोडणार तंबाखू?"

पहिल्या रांगेतून काका म्हणाले, "आधी तुमच्या गाडीची सोडवा!"

सगळे हसले. पण तो चट्टा माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी वायपरला नवं रबर बसवलं आणि जीप थेट काकांच्या अंगणात उभी केली. "गाडीची सुटली. आता तुमची?"

काकांनी रबरावरून बोट फिरवलं. मग कनवटीची पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

"घे. पण गाडीतच ठेव. रबर पुन्हा झिजंल."