सत्तेचाळीस नकाशे आणि एक शून्य

सभेचे अध्यक्ष आणि आमचे मालक मधुकरराव केतकर. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपाच्या कारखान्याचे धनी, आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक आणि आजचे प्रमुख पाहुणे अभिराजराव सुर्वे. ज्यांच्या निवृत्तीसाठी येलहंक्यात हा हॉल घेतला त्या हेमलता मोहिते, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हेमलता अक्का. आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून मद्दूर वडे ज्या दारातून येणार त्या दाराजवळ बसलेल्या माझ्या सुज्ञ बंधू-भगिनींनो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. पण मधुकररावांच्या भाषणात तीन तपशील चुकले. ते दुरुस्त करायला सात लागतील. डिग्री नसलेल्या माणसाकडे तपशिलाशिवाय दुसरं असतं काय?

मधुकरराव मघाशी म्हणाले, "अक्कांच्या बारा वर्षांच्या नोकरीत एकच डाग. शहाण्णव साली युनिक्सच्या मशीनवर त्यांच्याकडून अभिराजरावांच्या पंपांचे पन्नासेक नकाशे उडाले." सभागृह हसलं. अक्काही हसल्या. तर पहिली दुरुस्ती: पन्नास नव्हे, सत्तेचाळीस. दुसरी: मशीन युनिक्सचं नव्हतं, विंडोज पंच्याण्णवचं होतं. तिसरीसाठी मला आधी पाणी प्यावं लागेल.

हं. आता ज्यांना आमच्या धंद्यातलं कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं वाटतं, अशा दोघांसाठी स्वल्प खुलासा करतो. प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. फाइल इकडून तिकडे न्यायची तर तो बाहेर हुकूम सोडतो. मध्ये एक मुकादम असतो, त्याला शेल म्हणतात. प्रोग्राम मुकादमाला सांगतो, मुकादम काम करवून घेतो आणि परत येऊन एक आकडा सांगतो. शून्य म्हणजे काम झालं. दुसरं काही म्हणजे बोंबला.

माझा प्रोग्राम रोज संध्याकाळी सहाला कारखान्यातले नकाशे दुसऱ्या मशीनवर उतरवायचा आणि शून्य आलं की पहिल्या मशीनवरचे पुसायचा. युनिक्सवर दोन वर्षं चालला. मग अभिराजरावांनी विंडोज आणलं. मी हुकूम बदलले. 'सीपी'चं 'कॉपी' केलं. तिरक्या रेघा उलट्या झुकवल्या. फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती, तिथं अवतरणचिन्हं घातली. कॉलर ताठ केली.

अक्का तेव्हा चाचणी बघायच्या. त्यांनी विचारलं, "संताजीअण्णा, दुसऱ्या मशीनवर जाऊन बघितलंत का?"

मी म्हणालो, "अक्का, शून्य येतंय. शून्य म्हणजे झालं."

"झालं हे ऐकलंत. दिसलं का?"

"मी प्रोग्रामिंगचं हे पुस्तक चार वेळा वाचलंय. तुम्ही सही करा."

"सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या, आणि सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून. ही त्यांची एकमेव चूक, ती मात्र नोंदीत राहू द्या.

झालं काय, की दुसऱ्या मशीनची डिस्क भरली होती. नकाशे उतरलेच नाहीत. पण विंडोज पंच्याण्णवचा मुकादम वेगळ्या जातकुळीचा. काम फसलं तरी तो शून्यच सांगतो! त्याच्या शून्याचा अर्थ एवढाच, की मी स्वतः सुखरूप परत आलो. कामाचं तुम्ही विचारलंत कुठे? माझ्या प्रोग्रामनं आनंदानं सत्तेचाळीस नकाशे पुसून टाकले. हे सगळं पुस्तकात होतं हो. पान दोनशे बारा, तळटीप. मी पुस्तक चार वेळा वाचलं. तळटिपा एकदाही नाही.

आणि लाज कसली वाटते सांगू? मी चौदा वर्षं पीण्यात लेथवर काढली. पलीकडच्या लेथवरचा "झालं" म्हणाला म्हणून मी एकही बुश कधी उचलला नाही. मापाचा गेज घालून बघितला, मगच उचलला. कॉम्प्युटर शिकलो आणि तेवढंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी अभिराजराव ऑफिसात आले. त्यांचा आवाज पहिल्या मजल्यावरून बसस्टॉपपर्यंत गेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "तपासणीची सही माझी आहे." आणि मी, हा तपशिलांचा कैवारी, उघडू पाहिलेलं तोंड मिटून घेतलं.

नंतर जिन्यात त्यांना विचारलं, का? म्हणाल्या, "माझ्याकडे बी.एस्सी.चा कागद आहे. तुमच्याकडे काय आहे? ऐट. तिच्यावर दुसरीकडे कोणी ठेवून घेणार नाही."

तीन आठवडे अक्का कारखान्यात बसून जुन्या ब्लूप्रिंटच्या सुरळ्यांवरून सत्तेचाळीस नकाशे पुन्हा काढून घेत होत्या. व्हाइटफील्डचं नवं ऑफिस त्यांच्या हाती द्यायचं ठरलं होतं. ते दिलं नाही. आणि अभिराजराव, दर दसऱ्याला पेढे घेताना तुम्ही विचारता, "अक्का, आमचे नकाशे जागेवर ना?" आम्ही सगळे हसतो. मीही हसलो, तीन दसरे.

तर ही तिसरी दुरुस्ती. डाग अक्कांचा नाही, माझा आहे. सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर मला बसवायचं ठरलंय. मधुकरराव, आता पुन्हा ठरवा. पण त्याआधी एक काम. आजचा आभाराचा ठराव लिहायला कंपनीची इतिवृत्ताची वही व्यासपीठावर आणलेली आहे. शहाण्णवच्या जुलैच्या पानावर अक्कांचं नाव आहे. ते खोडा, माझं लिहा.

काय म्हणता, अक्का? "बसा आता, वडे गार होतायत"? होऊ द्या.

मधुकररावांनी होकाराची मान हलवली. म्हणजे शून्य आलं. नाही, मधुकरराव, या मुकादमाला मी ओळखतो. पेन हे घ्या. मी इथं उभा आहे.

...खाली तारीख घाला. आजची. हं, इकडे करा जरा वही.

अभिराजराव, तुम्ही उठून अक्कांकडे निघालातच, तर हात जोडण्याआधी शाल तेवढी त्यांना नीट सावरू द्या.

आयोजकांचे, पाहुण्यांचे, आणि सात मिनिटांची अकरा झाली तरी घंटा न वाजवणाऱ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल तर लहान समजून पोटात घाला. मी पन्नास वर्षांचा आहे, तरी घाला.

अक्का, दिसलं. बसतो.