तूबाला शीराझला पोचवताना

(सकाळ. हमदानहून शीराझकडे निघालेली गाडी. तरलान चालवते आहे. शेजारी तिचे वडील नुसरत, मांडीवर थर्माकोलचा खोका.)

तरलान: डिकीत नाही म्हणजे नाही, बाबा. या थंडीत तिथं तिचा दगड होईल.

नुसरत: मग मागच्या सीटवर ठेव. माझ्याच मांडीवर कशाला?

तरलान: मागे हीटर नीट पोचत नाही. आणि वळणावर खोका आपटतो. तीस वर्षं बस हाकलीत, हे मी सांगायचं तुम्हाला?

नुसरत: बसमध्ये माणसं होती. कोंबड्या होत्या. एकदा बकरा होता. अजगर नव्हता.

तरलान: अजगर काय म्हणताय, दीड हात तर आहे. विषारीही नाही.

नुसरत: ते तुझ्या आईला सांग. बेचाळीस दिवस झाले पोरगा जाऊन. तिला त्याच्या कपाटातला एक सदरा हवाय, छातीशी धरायला. पण खोलीत ही बया बसलीय म्हणून ती उंबरठ्याशी उभी राहते आणि परत फिरते.

तरलान: म्हणूनच नेतोय ना.

नुसरत: हमदानात कुणी घेईना?

तरलान: सगळ्यांना विचारलं. एक जण म्हणाला, रानात सोडून द्या. सकाळपर्यंत मेली असती. आपल्या बुर्ज़ूनं चार वर्षं जपलीय तिला.

नुसरत: आणि नाव काय ठेवलं, तर तूबा. माझ्या आईचं नाव! महिनाभर बोललो नव्हतो मी त्याच्याशी.

तरलान: आजीला सांगितलं तेव्हा ती हसली होती. म्हणाली, बरोबर आहे, मीही दिवसभर शेगडीपाशी वेटोळं करून पडलेली असते.

नुसरत: तिचं काय, नातवानं शेण खाल्लं तरी ती हसली असती... खोक्यात काहीतरी सरकलं.

तरलान: सरकू दे. ती पिशवीत आहे, पिशवीला गाठ आहे. खोक्याच्या एका कडेला गरम पाण्याची बाटली ठेवलीय, टॉवेलात गुंडाळून. थंडी वाटली की तिकडे जाते, उकडलं की लांब. तुम्ही फक्त भोकांवर हात ठेवू नका.

नुसरत: आणि भूक लागली तर?

तरलान: आठ दिवस काही दिलेलं नाही. पोटात काही असलं तर गाडीच्या हादऱ्यांनी ओकते म्हणे.

नुसरत: कुणी सांगितलं हे सगळं? तिनंच ना?

तरलान: हो. परीवशनं. शीराझला तीच सांभाळणार आहे हिला. नाव घेतलं तर जीभ झडणार नाही, बाबा.

नुसरत: घटस्फोट झालेली, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. बाप म्हणून मी लग्नाला नाही म्हणालो. कुठला बाप हो म्हणाला असता?

तरलान: मी काही बोलले का?

नुसरत: तू बोलत नाहीस, तेच तर. समोर बघ. तो ट्रकवाला झोपेत आहे, त्याच्यामागे चिकटू नकोस.

तरलान: इस्फहान आलं की चहा घेऊ. बाटलीतलं पाणीही बदलायला हवं.

नुसरत: चहावाल्याला काय सांगणार, सापासाठी गरम पाणी दे?

तरलान: तुम्ही बघा काय सांगायचं ते.

नुसरत: कंबर धरलीय म्हणून सांगतो. खोटंही नाही ते.

तरलान: बाबा, इस्फहानपासून पुढे तुम्ही चालवाल का? माझे डोळे चुरचुरतायत.

नुसरत: नाही.

तरलान: थोडा वेळ. घाटापर्यंत.

नुसरत: नाही म्हटलं ना. तो गेला त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. लावणार नाही.

तरलान: बरं. पडा जरा.

नुसरत: पडून काय करू...

(दुपार. इस्फहान मागे पडलं आहे. घाटाखाली गाड्यांची रांग.)

नुसरत: ए तरलान. आबादे गाव गेलं?

तरलान: मघाशीच. झोप लागली होती तुम्हाला. तासभर झाला, रांग हललेली नाही. वर घाटात बर्फ काढतायत म्हणे.

नुसरत: इंजिन बंद का केलंस?

तरलान: पेट्रोलचा काटा खाली आलाय. मध्ये मध्ये चालू करते. बाबा, खोक्यात हात घालून बघा ना, बाटली कशी आहे?

नुसरत: गार. पार गार पडलीय.

तरलान: आणि ती?

नुसरत: पिशवीही गार लागतेय. ही हलत का नाही?

तरलान: पुढच्या गाडीवाल्याकडे थर्मास दिसला, विचारून येते... बाबा, काय करताय? कोटाची बटणं कशाला काढताय?

नुसरत: तू पुढं बघ.

तरलान: पिशवी आत घातलीत?

नुसरत: बाटली गार आहे. माझं पोट तर गरम आहे ना.

तरलान: घट्ट दाबू नका.

नुसरत: शिकवू नकोस. तुम्हा दोघांनाही असंच नेलंय मी थंडीत, डेपोपासून घरापर्यंत.

तरलान: हलली?

नुसरत: थांब... हो. हलली. बरगडीपाशी डोकं खुपसतेय.

तरलान: भीती वाटतेय?

नुसरत: गप्प बस.

तरलान: बरं. इंजिन चालू करते जरा, ऊब येईल.

नुसरत: हाच ना घाट?

तरलान: हाच.

नुसरत: कुठल्या वळणावर घसरली त्याची गाडी?

तरलान: वरच्या. पुलाच्या अलीकडे. बघायचंय तुम्हाला?

नुसरत: नाही. तरलान, तुला एक सांगतो. आईला सांगू नकोस. कुठंही निघण्याआधी तो मला विचारायचा, रस्ता कसा आहे म्हणून. लहानपणापासूनची सवय. त्या दिवशीही फोन आला. मला डेपोतल्यांकडून कळलं होतं, वर बर्फ कडक झालाय, गाड्या घसरतायत. पण तो तिच्याकडे चालला होता. मी रागात होतो. फोन समोर वाजत होता आणि मी बघत बसलो होतो. तीन वेळा.

तरलान: मला माहीत आहे.

नुसरत: काय माहीत आहे?

तरलान: पोलिसांनी त्याचा फोन माझ्याच हातात दिला होता, बाबा. शेवटचे तीन तुम्हालाच होते.

नुसरत: बेचाळीस दिवस तुला माहीत होतं?

तरलान: हो.

नुसरत: आणि माझ्या पानात वाढत होतीस.

तरलान: मग काय करणार होते? चार दिवस मलाही वाटलं, तुमचं तोंड बघू नये. पाचव्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात आणि आत पाणी वाहत असताना ओरडून रडलात. आईला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

नुसरत: पुढची गाडी निघाली बघ.

तरलान: रांग हलली. नीट धरा तिला. वळणं आहेत.

नुसरत: पहिल्या गिअरमध्ये घे. ब्रेकवर पाय नको ठेवू. हळू. अजून हळू. हां. असंच. पूल संपेपर्यंत असंच.

तरलान: गेला पूल, बाबा. डोळे उघडा.

नुसरत: शीराझ किती?

तरलान: तीन तास. दिवेलागणीला पोचू.

(दिवेलागण. शीराझ.)

तरलान: हीच गल्ली. निळं दार सांगितलं होतं. तीच उभी आहे बघा. केव्हापासून उभी आहे कोण जाणे.

परीवश: सलाम, काका. थकला असाल. आत या, चहा तयार आहे. खोका द्या माझ्याकडे.

नुसरत: खोका रिकामा आहे, पोरी. ती इथं आहे.

परीवश: तुमच्या कोटात?

नुसरत: घाटात गारठली होती. जपून घे, झोपलीय बहुतेक.

परीवश: थांबा, गाठ सोडते... जागी आहे. ही बघा, जीभ काढतेय. अंग थोडं गार आहे, पण बरी आहे.

तरलान: मरते की काय असं वाटलं होतं आम्हाला.

परीवश: काका, बसा ना. असे उभे का?

नुसरत: मी तुझ्याबद्दल घरात फार वाईट बोललो होतो.

परीवश: तो सांगायचा मला.

नुसरत: सगळं?

परीवश: सगळं. पण त्या दिवशी मीच त्याला ये म्हटलं होतं. घाटात बर्फ आहे हे मला ठाऊक नव्हतं, काका. देवाशपथ ठाऊक नव्हतं.

नुसरत: तुला कसं असणार? मला होतं.

तरलान: बाबा...

नुसरत: असू दे. तिलाही कळू दे.

परीवश: चहा घ्या, काका. निवतोय.

तरलान: परीवश, हिला आता काय द्यायचं?

परीवश: काहीच नाही. हिला अंधारात, उबेला ठेवते. आठ दिवस हातही लावायचा नाही. जागा बदलली की त्यांना आधी एकटं राहू द्यावं लागतं. मग खायला देऊन बघायचं. कधी कधी महिना महिना तोंड लावत नाहीत.

नुसरत: आणि लावलंच नाही तर?

परीवश: वाट बघायची. दुसरं काय. खाल्लं की मी लगेच कळवेन तुम्हाला.

नुसरत: नाही खाल्लं, तरी कळव.