कडुलिंबाखालचा मारुती

आमच्या सासूबाईनं सौसर गावाले आमच्या मोहल्ल्यात मारुती बसवला तो नगरपालिकेच्या बक्षिसापायी, हे सांगितलं का मी तुम्हाले? गावात टीव्ही नुकते येऊन राहिले होते तेव्हाची गोष्ट. जो मोहल्ला झाडं जगवीन त्याले एक बक्षीस होतं, अन् जो जुना वारसा जपीन त्याले दुसरं. आम्ही कडुलिंब लावला, बकऱ्यायनं खाल्ला. पुन्हा लावला, पुन्हा खाल्ला. मग सासूबाईनं नव्या रोपाच्या बुडाशी एक गोटा ठेवला, त्याले शेंदूर फासला अन् म्हणाल्या, "आता पाहू कोण बकरी सोडते."

खरंच कोणी सोडली नाही. उलट बाया फुलं वाहू लागल्या.

तपासणीले साहेब आले. झाडाकडे पाहतच नाहीत. चपला काढल्या, नारळ मागवून गोट्यावर फोडला, डोळे मिटून हात जोडले. मग म्हणाले, "काय जपलंय तुम्ही. वारशाचं पहिलं बक्षीस तुमचंच. किती जुनं आहे हे स्थान?"

आमच्या मोहल्ल्याचे मेंबर लगेच म्हणाले, "आजोबाच्या वेळचं, साहेब."

"देवासमोर काहून खोटं बोलून राहिला रे?" सासूबाई म्हणाल्या. "मागच्या मंगळवारचं हाये."

आम्ही बाया तोंडात पदर कोंबून हसून राहिलो. साहेबाचे हात जोडलेलेच. "मग मी नारळ कोणासाठी फोडला?"

"पाणी तं लिंबाच्याच बुडात गेलं न, बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "वारशाचं राहू द्या, झाडाचं बक्षीस द्या."