प्लास्टिकखालचे थेंब

दत्ताराम परुळेकरांनी गावच्या विहिरींवर एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यातले एक साल चुकले आहे, असे एका शिक्षिकेने पत्राने कळवले. चूक खरीच होती. म्हणूनच आठ महिने त्यांच्याच्याने उत्तर लिहवले नव्हते. आज जामसंड्याच्या टपाल कचेरीत त्यांच्यापुढे रांगेत सुतार लिओन मेस्त्री आणि ज्यांच्या घरी तो लाकडी जमीन घालणार होता त्या रोझालिनाबाई असे दोघे उभे होते.

"मेस्त्री, लाकूड येवन आठ दिस झाले. जमीन कधी घालतलस?"

"आजून नाय, बाय. काल तुझ्या कोब्यार प्लास्टिक चिकटवन ठेवलंय. आज उचलून बघलंय तर खाली थेंब."

"मगे पुसून टाक मरे."

"पुसून काय होतला? ओल जमनीतसून वर येता. वर लाकूड घातलंय तर पावसात फुगतला."

"खाली प्लायवूड घाल."

"तोय कुसतलो. पयली ओल थांबवची, मगे प्लाय, मगे तुझो साग."

"आमच्या जासिंताकडे बरी दोन दिसात घातलंस?"

"थंय प्लास्टिक लावन बघूक नाय. पावसात जमीन फुगली, दार उघडाक होयना. जासिंत म्हणी, औंदा पाऊसच जास्त. मियाच जावन सांगलंय, पावसाची नाय रे, माझी चूक."

"रागावलो?"

"पयली चाय दिल्यान, मगे रागावलो. जमीन परत घालून दिलंय."

"माका ठावक आसा. तुझा नाव तेनाच तर सांगल्यान."

खिडकीशी पोचल्यावर परुळेकरांनी एक पोस्टकार्ड मागितले. बाजूच्या फळीवर उभ्यानेच लिहिले, "तुमचे बरोबर आहे. चूक माझी." पत्ता त्यांना पाठ होता. कार्ड त्यांनी पेटीत टाकले.