नरकाची ओल

नाही, तुम्हीच सांगा, ओलीचा फोटो काढायचा तर ओल दिसायला नको? तुम्हाला सांगतो, मी ग्रिगोरे, मारामुरेशच्या या खोऱ्यात लग्नांचे नि पासपोर्टचे फोटो काढणारा एकुलता एक माणूस! आमच्या लाकडी चर्चचं छप्पर गळतंय, भिंतीवर रंगवलेला जुना नरक ओघळून चाललाय, आणि वारसा-कचेरीतले साहेब काय म्हणतात? ‘शुक्रवारपर्यंत नुकसानीचे फोटो द्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू!’ पुढच्या वर्षी? अहो, एका हिवाळ्याचा बर्फ पडला की सैतान गेलाच की आमचा!

म्हणून शुक्रवारी सकाळीच गेलो. चर्चची किल्ली असते तोदोसिया मावशीकडे. तिनं दार उघडलं आणि बघतो तर... भिंतभर भरतकामाचे टॉवेल! संतांच्या तसबिरींवर असतात ते ठीक, ती आमची रीतच, पण या बाईनं ओलीवरसुद्धा टांगलेले!

“मावशी, हे काय?”

“फोटो काढणार ना? मग! चारचौघांत फाटकी गोधडी दाखवतात का रे मेल्या?”

“अगं, पण मला फक्त ओल हवीय!”

“ओल हवीय म्हणे! तुझ्या आईला सांगते थांब!”

तेवढ्यात गावातल्या आणखी सहा बायका आल्या, प्रत्येकीच्या काखेत टॉवेल. ‘माझा मधे लाव हं, ग्रिगोरे!’ ‘तिचा कशाला, तिची फुलं वाकडी आहेत!’ आणि मी आपला कॅमेऱ्याचं तिकाटणं धरून उभा... मला फक्त ओल हवी होती हो!

शेवटी मीच एक टॉवेल उचलला. मावशी धावली, एप्रननं ओली भिंत पुसायला लागली, आणि सैतानाचा अख्खा पाय तिच्या एप्रनला आला. लाल.

“लहानपणी आई मला या पायाची भीती घालायची,” म्हणाली. मग बायकांवर ओरडली, “बघता काय? काढा सगळे!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण ओल मिळाली! फोटो गेले, मंजुरी आली, नवी लाकडी कौलं बसली, यंदाच्या बर्फात भिंत ठणठणीत कोरडी! बाकीचा सैतान वाचला.

आता कचेरीला कोरड्या भिंतीचा फोटो हवाय. काल गेलो, तर... चाळीस टॉवेल!

“मावशी, आता काय झाकतेयस?”

“झाकतेय कुठं? सजवतेय! आता लाज नाही, आता सण आहे!”

काय करणार? फोटो काढला. खाली लिहून दिलं, ‘साहेब, भिंत मागे आहे. विश्वास ठेवा.’