मजकूर येतोय!

...आणि कहर म्हणजे, आज मजकूर आला! आला हो, खरंच आला! सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतोय, तर समोर गादीवाल्यांची मेल. आत फाईल, फोटो, सगळं. आता तुम्ही म्हणाल, मग बरं झालं की! अहो, काय बरं झालं? तुम्हाला आमच्या धंद्याची कल्पना नाही. मी वेबसाइट बनवतो. घरी बसून, स्वतंत्रपणे. स्वतंत्रपणे म्हणजे वर साहेब नाही, म्हणजे येईल ते गिऱ्हाईक साहेब! आणि या धंद्यात माणूस एकाच भरवशावर जगतो, की मजकूर कधीही येत नसतो. साइट तयार असते, रंग ठरलेले असतात, बटणं कुणीतरी दाबावं म्हणून ताटकळत असतात, फक्त पानांवर लिहायचं काय, ते गिऱ्हाइकाने पाठवायचं असतं. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "मजकूर येतोय!"

कुठून येतोय? पायी येतोय का? एक दातांचे डॉक्टर होते, त्यांचा मजकूर इतके दिवस येत होता, की तोवर ते निवृत्त झाले आणि दवाखान्यात मुलगा बसायला लागला. मी मुलाला फोन केला, तर तो म्हणतो, "बाबांचा राहू द्या, मी नव्याने लिहितो. येतोय!"

तर मधल्या काळात पानं रिकामी दिसू नयेत म्हणून आम्ही खोटा मजकूर भरतो. सगळेच भरतात. लॅटिनसारखं काहीतरी असतं, अर्थ नसतो, जागा भरते. गादीवाल्यांना पहिल्यांदा साइट दाखवली, तर ते चष्मा वर करून म्हणतात, "हे मंत्र कसले? माझं गाद्यांचं दुकान आहे हो, इथे कुणी गेलेलं नाहीये!"

मी घरी येऊन हे सांगितलं, तर आमची बायको मटार सोलता सोलता इतकी हसली, की निम्मे मटार टेबलाखाली. मग म्हणाली, "सरका. सरका म्हणते ना! गाद्यांवर लिहायचंय आणि तुम्ही मला विचारत नाही?"

आता तुम्हाला सांगतो, झोप या विषयात तिचा अधिकार फार मोठा. कुठेही झोपायची. बँकेत टोकन घेऊन झोपायची आणि बरोबर आपल्या नंबरला उठायची! तर ती बसली, दोन बोटांनी टकटक करत, मधूनच खिडकीबाहेर बघत, आणि पहिल्या पानावर लिहिलं, "येथे मजकूर येईल. तोवर आडवे व्हा."

मी म्हटलं, "अगं, हे दुकान आहे!"

"मग? दुकानात खोटं बोलायचं का? पुढचं बघा."

पुढे उशांच्या पानावर, "उशी अधूनमधून उलटी करावी. थंड बाजू वर येते. जगात एवढं तरी आपल्या हातात असतं." पांघरुणांच्या पानावर, "दुसऱ्याचं पांघरूण ओढू नये. ओढलंच, तर सकाळी कबूल करू नये." हे माझ्याकडे बघत. आणि 'संपर्क' म्हणून पान असतं ना, तिथे पत्ता यायचा होता, तर तिने लिहिलं, "हाक मारा. मी आतल्या खोलीतच आहे."

गादीवाल्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाले, "असू द्या हे. साइट चालू करा. आमचा मजकूर येतोय! मेव्हणे लिहितायत. त्यांचा हात चांगला आहे."

मेव्हण्यांचा हात चांगला होता, पण तो कागदापर्यंत पोचेना. मी फोन करायचो, ते म्हणायचे "येतोय", मी चिडायचो, ती आतून ओरडायची, "चिडू नका, माझं लिखाण छापून आलंय, राहू दे की!" मग ती आजारी पडली. मग मी फोन करायचं सोडलं. मग... असो.

त्यानंतर मात्र, तुम्हाला खरं सांगतो, मजकूर येऊ नये यासाठी मी जेवढी काळजी घेतली, तेवढी कुठल्या साइटची घेतली नसेल. गादीवाले आपणहून म्हणायचे, "मेव्हण्यांना आठवण करू का?" मी म्हणायचो, "छे छे! लेखकाला घाई करू नये!" दुपारी काम करता करता डुलकी लागायची. पडदा हलतोय, पंखा फिरतोय, स्क्रीनवरचा कर्सर लुकलुकतोय, अगदी काहीतरी बोलायच्या बेतात असलेल्या माणसासारखा. मग मी ते पान उघडायचो. हाक मारा. मी आतल्या खोलीतच आहे. हाक मारत नव्हतो हो, तेवढा काही वेडा नाही. नुसतं वाचायचो, आणि पुढच्या कामाला लागायचो.

आणि आज मजकूर आला! उघडला. "गुणवत्ता, विश्वास आणि समाधान. आमच्या विश्वासाची गुणवत्ता हेच ग्राहकांचे समाधान. समाधानी ग्राहकांचा विश्वास..." एकाच गादीचा कापूस पिंजून पिंजून घर भरलंय! आणि 'संपर्क' पानासाठी मेव्हण्यांचा स्वतःचा फोटो. हाताची घडी घालून. गादीसमोर.

गादीवाल्यांचा फोन. "झालं का बदलून?"

आणि माझ्या तोंडून काय गेलं असेल? "येतंय, येतंय! जरा सर्व्हर कुरकुर करतोय."

"कोण करतोय? द्या त्याला फोन."

काय देऊ? शेवटी ते स्वतःच आले. बसले. टेबलावर तिचा चष्मा अजून तिथेच असतो, तो बघितला. मी म्हटलं, "नाही बदललं तर नाही का चालणार?"

ते म्हणाले, "मला तेच आवडतं हो. परवा एक बाई दुकानात आल्या, म्हणाल्या, मी रोज दुपारी फोनवर ते वाचते आणि उशी उलटी करते. उशी नको होती त्यांना, नुसतं सांगायला आल्या होत्या. पण काय करू? मेव्हणा आहे! त्याला दुखवलं तर दुकानभर गाद्या असून मला झोपायला जागा राहायची नाही!"

आता बोला!

तुम्ही म्हणाल, एक प्रत काढून ठेवा. ठेवलीय हो, मला काय तेवढं कळत नाही? पण ते म्हणजे घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं. साइटवर होतं तोवर ती चारचौघांत बोलत होती. कुठेतरी कुणीतरी बाई वाचून उशी उलटी करत होती. कपाटात कोण उशी उलटी करतंय?

बदललं. एकेक पान बदललं. गुणवत्ता घातली, विश्वास घातला, 'संपर्क'वर मेव्हणे उभे केले. गादीवाले जाताना दारात थांबले, म्हणाले, "तुमची स्वतःची पण साइट असेल ना?"

आहे ना! वेबसाइट बनवणाऱ्याची नाही तर कोणाची असणार? किती वर्षांची आहे! वर माझं नाव, खाली फोन नंबर, आणि मध्ये कोरं पान. स्वतःविषयी काय लिहायचं ते कधी सुचलंच नाही. ती विचारायची, "तुमचं काय झालं हो?" मी म्हणायचो, "येतोय!"

ते गेल्यावर मी बसलो आणि तिचं सगळं तिथे लावलं. आडवे व्हा, उशी, पांघरूण, आतली खोली, सगळं. कॉमा हलवला नाही. आता बस म्हटलं आरामात, इथून तुला कुठला मेव्हणा उठवतोय!

आणि दुपारी पहिला फोन. मी जरा सावरून बसलो, म्हटलं, चला, काम आलं. तर एक बाई. "गाद्यांचं दुकान ना? आधी ते दुसरीकडे होतं, तिथे तळाशी तुमचं नाव होतं ते दाबलं, तर आता इथे दिसतंय... ते लिहिणाऱ्या बाई आहेत का?"

मी म्हटलं, "दुपारच्या झोपतात त्या."

"अगं बाई! मग राहू दे, राहू दे. उठवू नका हं!"

तुम्हाला सांगतो, इतकं समंजस गिऱ्हाईक मला या धंद्यात आजवर भेटलेलं नाही. मग दुसरा फोन, मग तिसरा. वेबसाइट कुणालाच नकोय! सगळ्यांना गादी हवीय! मीही आता सरावलोय, सिंगल की डबल तेवढं विचारतो आणि गादीवाल्यांचा नंबर देतो. एकाने जाता जाता विचारलं, "बरं, पण तुम्ही स्वतः काय करता, ते कुठे दिसलं नाही?"

काय सांगणार? म्हटलं, "मजकूर येतोय!"