वाटीतलं पाणी

गोदूबाई : म्हणजे सातही दात काढणार?

डॉक्टर : सातही, मावशी. चांदी भरून भागेल असा त्यातला एकही नाही. पायोरियानं मुळं सुटलीत. आज दोन काढू, पुढच्या बुधवारी दोन, असं करत जाऊ. आधी इंजेक्शन देतो, म्हणजे कळणारही नाही. हिरड्या नीट भरल्या की तीनेक महिन्यांनी माप घेऊन कवळी बसवू.

गोदूबाई : काढा. कवळी नको.

रघुपती : अक्का, घरून निघताना काय ठरलं होतं?

गोदूबाई : तू ठरवलंस. मी नुसती घोड्याच्या जटक्यात बसले.

डॉक्टर : अहो, पण मग खाणार काय? आधीच वर्षभर पेजेवर आहात, रघुपतीराव सांगत होते. मनगट बघा केवढं राहिलंय.

गोदूबाई : ताकभात गिळता येतो. विधवेला आणखी काय लागतं?

डॉक्टर : मेलेल्या माणसांचे दात बसवतात, असं कोणी सांगितलं का तुम्हाला? आमच्या चामराजपेटेत निम्मे लोक तेच विचारतात. प्लास्टिकचे असतात हो. त्यात हाड नाही की चामडं नाही.

गोदूबाई : ते ठाऊक आहे मला. तुम्ही एवढंच सांगा, ती रोज बाहेर काढायची?

डॉक्टर : झोपताना काढायची, ब्रशनं धुवायची, वाटीत पाणी घालून त्यात ठेवायची. सकाळी उठून परत घालायची.

गोदूबाई : तोंडातलं बाहेर आणि बाहेरचं परत तोंडात. उष्टंच झालं की.

रघुपती : अक्का, डॉक्टरांसमोर कशाला हे...

गोदूबाई : तू स्वल्प गप्प बस. डॉक्टर, तुम्ही पुण्याकडचे, तुमच्यात आता एवढं राहिलं नसेल. आमच्यात स्वयंपाक मडीत होतो, सोवळ्यात. बाविसाव्या वर्षी केस उतरवून मी माहेरी परत आले. त्याला छत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून देवाच्या नैवेद्याचा भात माझ्या हातचा. आमचे उपाध्याय आहेत, भीमाचार्य, त्यांना परवा विचारलं. तोंडात खोटे दात असलेल्यानं नैवेद्याला हात लावायचा नाही म्हणाले.

डॉक्टर : मग घरात दुसरं कोणी करेल. तुम्हालाही विश्रांती मिळेल.

गोदूबाई : करेल ना. सत्यवती आहे, याची बायको. वाईट नाही हो ती. 'अक्का, पुरे झालं, आता बसा,' म्हणते. पण बसू कुठं? पुढच्या खोलीत बसायला मी पाहुणी आहे का? चूल आहे म्हणून त्या घरात मी कोणीतरी आहे. दात जाऊ देत. चूल राहू दे.

डॉक्टर : रघुपतीराव, तुम्ही काही बोलणार आहात का?

रघुपती : मी काय बोलू?

डॉक्टर : माझ्या तोंडून ते सांगता येणार नाही. ते तुमचं तुम्हीच सांगायला हवं.

गोदूबाई : काय सांगायचंय?

रघुपती : काही नाही. डॉक्टर, कवळीशिवाय नाहीच का काही होण्यासारखं?

डॉक्टर : नुसते दात काढून पाठवतो, म्हणत असाल तर. पण सहा महिन्यांनी यांना इथं उचलून आणावं लागेल.

रघुपती : अक्का. इकडे बघ.

(तो रुमाल तोंडाशी नेतो. वरचे पुढचे चार दात पट्टीसकट काढून तळहातावर तिच्यापुढे धरतो.)

रघुपती : दोन वर्षं झाली. चांदी भरून घेतली असं घरी सांगितलं होतं, ते खोटं. इथंच, याच खुर्चीत बसवले. हे तोंडात ठेवून मी रोज देवपूजा केली, मंत्र म्हटले, तू रांधलेला नैवेद्य दाखवला. आणि परवा भीमाचार्य बोलले तेव्हा मान हलवून 'सरी, ठीक' म्हणालो. लाज वाटते मला, अक्का.

गोदूबाई : आत घाल ते. असा बोलायला लागलास की आपल्या अप्पांसारखा दिसतोस, शेवटच्या दुखण्यातल्या.

रघुपती : तुला काहीच वाटलं नाही?

गोदूबाई : मला ठाऊक होतं.

रघुपती : कधीपासून?

गोदूबाई : कडक कोडबळे तुझ्या पानात मोडून कोण वाढतं? अवरेकाळूच्या दाण्यांची उसळ तुझ्यापुरती वेगळी काढून दुप्पट वेळ कोण शिजवतं? गेल्या गौरीला तापानं पडला होतास, तेव्हा तुझी दातांची वाटी न्हाणीतच राहिली. सत्यवती न्हायला जायच्या आत मी उचलली. पाणी घाण झालं होतं ते बदललं आणि तुझ्या फळीवर मागे सारून ठेवली. मग परत आंघोळ केली आणि चुलीपाशी गेले.

रघुपती : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

गोदूबाई : बोलले असते तर तू पूजा सोडली असतीस. ओळखत नाही का मी तुला.

डॉक्टर : मग मावशी, यांचं चालवून घेतलंत, तसं स्वतःचं का नाही?

गोदूबाई : तो घरचा यजमान. विधानसौधाच्या कचेरीत पंख्याखाली बसतो. त्याच्या तोंडात कोण वाकून बघणार? माझ्या तोंडात बघतील, डॉक्टर. केस उतरवलेल्या बाईचं कुठं चुकतं ते बघायला सगळ्यांना सवड असते.

रघुपती : आज घरी गेल्या गेल्या सत्यवतीला सांगतो. आणि भीमाचार्य आराधनेच्या पूजेला येतील, तेव्हा त्यांच्यापुढेही असाच हात धरीन. अक्काला चूल नसेल तर मलाही देवघर नाही.

गोदूबाई : ते खरंच म्हणतील, नको करूस पूजा. अप्पांच्या हातचे देव आहेत ते, रघू.

रघुपती : म्हणू देत.

गोदूबाई : सत्यवती रडेल.

रघुपती : रडेल. तू समोर पेज पितेस आणि मी तू मोडून वाढलेले कोडबळे खातो. मला ते आता गिळवणार नाही.

डॉक्टर : मावशी, काय करू मग? कवळीचं माझ्या वहीत लिहून ठेवू?

गोदूबाई : वाटी पितळेची चालते का हो?

डॉक्टर : कुठलीही चालेल. काचेची बरी.

गोदूबाई : लिहा. आणि आज हा खालचा आधी काढा, फार हलतोय.

रघुपती : घरी गेल्यावर पडून राहा, अक्का. स्वयंपाकाचं सत्यवती बघेल.

गोदूबाई : आजचा दिवस बघू दे तिला. उद्या मी टाकते भात. मऊच करते, आता दोघांना लागेल.